कलमदान आणि नांगराची निशाणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या पेठांतून वहीपूजन होते. तिजोरीत महालक्ष्मी, वहीत महासरस्वती आणि दौतीत महाकाली, असा या पूजेचा संकेत आहे. पहिल्या दोघी तेथे का आल्या, हे कोणाला सांगावे लागत नाही. पण शाईच्या एवढ्याशा बुधलीत महाकाली का? शाई काळी म्हणून, असे भटजी सांगतील. मला मात्र त्यात दुसराच अर्थ दिसतो. शाईने माणूस तरतो, तसा बुडतोही!

ही दौत ज्या पेटीत राही ती पेटी म्हणजे कलमदान. आत दौत, बोरू, बोरूला टोक काढण्याचा चाकू आणि ओल्या अक्षरांवर भुरभुरायची वाळू. साध्या घरचे कलमदान साधे. बड्या बैठकीवरचे मात्र सागवानी नाहीतर शिसवी आणि झाकणभर वेलबुट्टी कोरलेले. आता ही कलमदाने बैठकीवरून उठून संग्रहालयांच्या काचेआड जाऊन बसली आहेत. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी खेडोपाडी हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या, दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने त्यांचे संग्रहालय केले आणि १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. अशा संग्राहकांचे ऋण मोठे आहे. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ते आपल्या पाहण्याशी आहे. 'कोरीव लाकडी कलमदान' अशी चिठ्ठी वाचावी, 'काय नाजूक काम आहे हो!' म्हणावे आणि शेजारच्या अडकित्त्याकडे वळावे, ही आपली रीत. या पेटीतून काय काय बाहेर पडले, याची चौकशी कोणी करीत नाही.

ती चौकशी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी केली. ते सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य डोळा होता कर्जखतांवर. हाती लागली ती खते त्यांनी जाळली आणि पुणे-नगर भागात हे लोण पसरले. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. आपल्या भाषेत 'कलमकसाई' हा शब्द काही उगाच आलेला नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बरखास्त केली, तीही उगाच नव्हे.

आणि आमच्या मराठवाड्यात तर गुंता दुहेरी. निजामी राज्यात १८८४ पासून सरकारी दप्तर उर्दूत आणि सावकाराची वही मोडीत. उमरीच्या कुणब्याला दोन्ही सारखीच अगम्य! उमरीचे नाव घेतले की ३० जानेवारी १९४८ ची बँक लूट आठवते. मुक्तिसंग्रामातले ते धाडस आठवावेच. पण बँकेच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या बैठकींवर जे बिनआवाजी लिहिले जात होते, त्याचे स्मरण कोण ठेवणार?

कोणी म्हणेल, सणासुदीला हे रडगाणे कशाला? कारागिराचे कौतुकही करू नये काय? अवश्य करावे! पण जुन्या कागदांत एक गंमत आहे. ज्याला अक्षर येत नसे तो सहीच्या जागी आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी, सुताराचे हत्यार. म्हणजे ज्या सुताराने झाकणावर मोर कोरला, त्याचीही निशाणी कदाचित त्याच पेटीतल्या शाईने एखाद्या खतावर पडली असेल. त्याचे खरे कौतुक करायचे तर ही गोष्टही सांगायला हवी.

कलमदानातून निघालेले सारेच लिहिणे कपटाचे होते, असेही मी म्हणत नाही. विहिरीचा वाटा, बांधाचा तंटा, दुष्काळातली उसनवारी, लेकीच्या लग्नाचा खर्च, हे सारे त्याच शाईने टिपले. म्हणूनच माझा हट्ट आहे की, पेटी आणि कागद यांची ताटातूट होऊ नये. संग्रहालयांनी प्रत्येक कलमदानाशेजारी एक खत उघडे करून ठेवावे, खाली त्याचे बाळबोध लिप्यंतर द्यावे आणि ती नांगराची निशाणी लहान मुलांनाही दिसेल अशी मांडावी. नक्षी पाहायला आलेल्याला हिशेबही दिसू द्या.

आणि वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे एखादे कलमदान असेल. दिवाळीच्या आवराआवरीत पेटी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि मोडी कागदांचे रुमाल रद्दीत जातात. पेटीला चार पैसे येतात; कागदांना किलोचा भाव. एवढे करू नका. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. घरातल्या एका तरी मुलाला वा मुलीला तेथे धाडा. रुमाल सोडा, कागद वाचून घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांचे अक्षर त्यात निघेल की त्यांचा नांगर, हे तरी कळेल. जे निघेल ते लपवू नका आणि मग ती पेटी खुशाल संग्रहालयाला द्या, पण कागदांसकट!