फाशांना दोष

बॅकगॅमन खेळायला लागल्यापासून मी एक गोष्ट अगदी मनापासून मानत आले. मी हरते ती फाशांमुळे! दादाला हवे तेव्हा दोन्ही फाशांवर सहा पडतात, मला नेमकं नको तेच दान. आता यात माझी काय चूक?

मग एकदा आमचे नेटवर खेळलेले वीसेक डाव 'ग्नू बॅकगॅमन'ला तपासायला दिले. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम प्रत्येक खेळीचा हिशेब मांडतो, आणि नशिबाचा वेगळा. निष्कर्ष काय, तर नशीब बहुतेक वेळा माझ्याच बाजूने होतं. दादाला हे सांगितलं नव्हतं. (आता वाचेलच.)

खरा धक्का दिला तो जिंकलेल्या डावांनी. एकात मी माझी एकटी सोंगटी दादाच्या सोंगटीपासून सहा घरांवर सोडली होती. सात घरांवर ठेवता आली असती. मध्ये अडथळा नसेल तर सहा घरांवरची सोंगटी मारणारी दानं 36 पैकी 17, सात घरांवरची फक्त 6. दादाला दान पडलं नाही, मी जिंकले आणि ती खेळी 'बरोबर' म्हणून डोक्यात पक्की बसली.

दुसरी खोड भित्रेपणाची. दादाने पैज दुप्पट केली की मी डाव सोडून मोकळी. हिशेब तसा सोपा आहे. चार डाव सोडले तर चार गुण गेले. चारही खेळून एकच जिंकला तरी सहा गेले, दोन आले, म्हणजे तेच चार. (दुप्पट गुणांची हार तूर्त बाजूला ठेवू.) म्हणजे चारात एकाहून जास्त आशा असेल तर खेळायलाच हवं. पण सोडलेला डाव पुढे कसा गेला असता हे कळतच नाही, त्यामुळे ही चूक कधी टोचतही नाही.

'हरलं की माणूस शिकतो' हे म्हणूनच मला आता पटत नाही. हार वेगळी, चूक वेगळी. दान पडल्यावर तर आपलं मन सोयीची आठवण तयार करतं. म्हणून आता अडलेल्या जागी आधी वहीत लिहिते, काय खेळतेय आणि का. तपासणी नंतर.

परवा पुन्हा हरले. वहीत त्या डावापुढे एकही लाल खूण नाही. दादा मात्र दोन दिवस खुशीत आहे. असू दे.