दुरुस्तीची मक्तेदारी

व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला की पुष्कळदा झिजलेले असतात ते मोटरमधील कार्बन ब्रश. बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे. झिजणे हाच त्यांचा धर्म. प्लग काढावा, कवच उघडावे, त्याच मापाचे नवे ब्रश बसवावेत, यंत्र पुन्हा चालू लागते. पण अनेक यंत्रांच्या स्क्रूंची डोकी अशी घडवलेली असतात की घरातला स्क्रूड्रायव्हर तेथे निरुपयोगी ठरावा. वर ‘ब्रश सुटे मिळत नाहीत, अख्खी मोटर घ्या’ हा सल्ला! याला तंत्राची अपरिहार्यता म्हणणे हा शुद्ध भोंदूपणा आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या बल्ब उत्पादकांच्या फीबस संघाने बल्बचे आयुष्य १००० तासांवर आणले आणि अधिक टिकाऊ माल काढणाऱ्या सभासदांना दंड केला. गणित तेच आहे.

सुखवस्तूंच्या या यंत्राची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी, असे विचारणारे भेटतीलच. त्याच जातीची मोटर कामगाराच्या घरातल्या मिक्सरमध्ये असते, आणि ती उघडणाऱ्या गल्लीतल्या कारागिराचे पोट त्यावर चालते.

युरोपीय संघाने २०१७ पासून व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरला किमान ५०० तासांच्या आयुष्याची अट घातली. २०२४च्या निर्देशाने दुरुस्तीची जबाबदारीही उत्पादकावर टाकली. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने ब्रश मिळत नाहीत. सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तिका वाजवी दरात कोणाही कारागिराला देण्याची कायदेशीर सक्ती हवी, आणि ती मागणी पक्षशाखांनी ग्राहक पंचायतींच्या बरोबरीने रस्त्यावर नेली पाहिजे.