झग्याखालचा पदर

महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पदवीप्रदान समारंभाची तारीख लागली की विरार, नालासोपारा, वसई आणि नायगाव येथील कित्येक घरांत एक छोटा वाद सुरू होतो. काळा झगा आणि चौकोनी टोपी महाविद्यालयाकडून मिळणार, बहुधा अनामत रक्कम भरून. त्याविषयी कोणाला काही ठरवायचे नसते. ठरवायचे असते ते झग्याच्या आत काय घालायचे, हे. मुलगी म्हणते, ''आई, वरून झगाच तर आहे, आत काय घातले ते कोणाला दिसणार?'' आई म्हणते, ''अगं, झगा दोन तासांनी परत द्यायचा. फोटो मात्र जन्मभर भिंतीवर राहणार.'' वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ''कोट शिवायचा असेल तर आत्ताच सांगा,'' एवढेच बोलतात. कारण मुलाच्या मित्रमंडळींनी कोट घ्यायचे ठरविले आहे, हे त्यांच्या कानांवर आलेले असते.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. ज्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, तेथे तो क्षुल्लकच आहे. परंतु अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी वाळविणारे घर, वसईच्या बागायतीत केळी आणि फुले पिकविणारे घर, कोकणातून किंवा देशावरून येऊन नालासोपाऱ्याच्या एका खोलीत संसार मांडलेले घर, अशा घरांतला पहिला पदवीधर जेव्हा व्यासपीठाच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याच्या अंगावरच्या प्रत्येक वस्त्राला अर्थ असतो. वीस-पंचवीस वर्षे पहाटेची लोकल पकडून दादर-चर्चगेट गाठणाऱ्या बापाने त्या एका सकाळची वाट पाहिलेली असते. ती सकाळ कोणत्या वेषात उगवावी, हा प्रश्न त्या कुटुंबापुरता मोठाच आहे.

मुळात हा झगा आला कोठून? मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठे ही चर्चच्या छायेत वाढली. तेथील अध्यापक आणि विद्यार्थी बहुतेक धर्मसंस्थेशी जोडलेले असत आणि त्यांचा वेष धर्मोपदेशकांचा असे. दगडी, ओलसर, शेकोटीच्या उबेविना गारठलेल्या दालनांत बसून अध्ययन करायचे, तर अंगभर लोळणारा लोकरी झगा ही गरजच होती. चौकोनी टोपीचे मूळही पाद्र्यांच्या टोपीत सांगितले जाते. त्या हवेत, त्या समाजात तो वेष शोभून दिसला, यात काहीच वावगे नाही. इंग्रजांनी आपल्या परंपरेचा अभिमान सोडलेला नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये तर झग्याखाली काय घालावे, याचाही लेखी नियम आहे. गडद रंगाचा पोषाख, पांढरा सदरा, गळ्याला टाय किंवा काळी फीत असा तो ठरीव वेष असून त्याला तेथे 'सब फस्क' असे नाव आहे. परीक्षेला बसताना हा वेष सक्तीचा असावा की नसावा, यावर २०१५ साली तेथील विद्यार्थ्यांनी मतदान केले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मते तो कायम ठेवण्याच्या बाजूने पडली. ज्यांची परंपरा, त्यांनी ती जपली. प्रश्न आहे तो आपला.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. १८६२ साली या विद्यापीठातून बी.ए. होणाऱ्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही मंडळी होती. विद्यापीठ इंग्रजांचे, अभ्यासक्रम इंग्रजांचा, समारंभाचा थाट इंग्रजांचा. तरीही न्यायमूर्ती रानड्यांची जी छायाचित्रे आज आपण पाहतो, त्यांत त्यांच्या डोक्यावर पगडी असते. उच्च न्यायालयाच्या न्यायासनापर्यंत पोहोचलेल्या या पुरुषाला आपल्या विद्वत्तेसाठी डोक्यावरचे बदलण्याची गरज भासली नाही. पुढे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या भांडारकरांचीही प्रतिमा पगडीशिवाय मनात येत नाही.

याहून बोलके उदाहरण कल्याणच्या कन्येचे आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, हे निःसंदिग्धपणे सांगितले होते. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहतात, ही अडचण लक्षात घेऊन त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलली. गुजराती पद्धतीने पाय झाकतील अशी साडी त्या नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही. १८८५ सालचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली बसलेल्या आहेत आणि तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. ज्या काळी आपल्याकडे परदेशी वेषाची भुरळ शिकलेल्यांना पडू लागली होती, त्या काळी परदेशात राहून वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने हे केले. हवामानापुढे नमते घ्यायचे कोठे आणि स्वत्व राखायचे कोठे, याचा इतका शहाणा निवाडा क्वचितच पाहायला मिळतो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडे विद्या पूर्ण झाल्यावरचा संस्कार म्हणजे समावर्तन. पदवीधराला आपण आजही 'स्नातक' म्हणतो, त्या शब्दात त्या दिवशीचे स्नान आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरूने निरोप घेणाऱ्या शिष्याला केलेला उपदेश दीक्षान्त समारंभांतून आवर्जून म्हटला जातो. पण त्या दिवशी शिष्याने काय परिधान करावे, याचीही आपल्या पूर्वजांनी तपशीलवार नोंद केली आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात समावर्तनासाठी जमवायच्या वस्तूंची यादी येते. गळ्यात बांधायचा मणी, कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्री, पादत्राणे, दंड, माळ, उटणे, अनुलेपन, डोळ्यांत घालायचे अंजन आणि पागोटे. या वस्तू स्वतःसाठी आणायच्या आणि आचार्यांसाठीही आणायच्या. दोघांसाठी जमविणे शक्य नसेल, तर केवळ आचार्यांसाठी!

या यादीतला आशय पाहण्यासारखा आहे. ब्रह्मचाऱ्याचा वेष ठरलेला असे: मेखला, अजिन, दंड. विद्या संपली की तो वेष उतरायचा आणि गृहस्थाची वस्त्रे, अलंकार, पागोटे धारण करून समाजात परतायचे. म्हणजे समारंभाचा गाभाच गणवेष उतरविण्यात होता. आज आपण नेमके उलटे करतो. वर्षभर आपापल्या कपड्यांत वावरणारा विद्यार्थी निरोपाच्या दिवशी गणवेषात शिरतो आणि घरच्यांनी हौसेने घेतलेले वस्त्र काळ्या कापडाखाली झाकून टाकतो. फेब्रुवारी-मार्चच्या दमट वसईत, कृत्रिम धाग्याच्या त्या झग्यात घाम पुसत उभ्या असलेल्या मुलांकडे पाहिले की युरोपातल्या थंड दालनांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हा झगा टाकून देण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीत स्नातक उत्तरीय घेतात आणि सप्तपर्णीची पाने देण्याची तेथे परंपरा आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात उत्तरीय आणि साफा दिसतो. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा उतरविला आणि ही वसाहतकाळाची रानटी खूण असल्याचे सांगितले. हे मंत्री काँग्रेसचे होते. म्हणजे हा विचार एका पक्षाची मिरास नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये समारंभाच्या वेषासाठी हातमागाचे कापड वापरण्याचे आवाहन विद्यापीठांना केले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेला धरून वेष ठरविण्यास सांगितले.

आदेश निघणे सोपे. राज्याची परंपरा म्हणजे नेमके काय, हे ठरविणे अवघड. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात झग्याऐवजी कुर्ता, उपरणे आणि पगडी आली, तेव्हा जानेवारी २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी, यावरून वाद उफाळला. काही विद्यार्थी फुले पगडी घालून आले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे ज्योतिरावांची पगडी घालणाऱ्याला अडविले जावे, ही गोष्ट कोणत्याही स्वदेशाभिमानी माणसाला खटकायला हवी. एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती आणून स्वत्व येत नसते. ज्याच्या घरात जे पागोटे, ते त्याने बांधावे, एवढी मोकळीक सूत्रकारांच्या यादीतही आहे. त्यांनी पागोटे सांगितले, त्याची घडण सांगितली नाही.

वसईत ही मोकळीक अधिकच महत्त्वाची ठरते, कारण येथे परंपरा एक नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ साली किल्ला जिंकला, त्यापूर्वी दोनशे वर्षे येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात येथील कित्येक घराण्यांचा धर्म बदलला. पण सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांकडे पाहावे. लाल नऊवारी लुगडे आणि ठसठशीत दागिने त्यांनी आमच्या-तुमच्या घरांपेक्षा अधिक निष्ठेने सांभाळले. ज्या संस्कृतीतून तो झगा आला, त्या धर्माच्या स्त्रियांनी लुगडे राखावे आणि आमच्या मुलींनी आत काहीही चालेल म्हणावे, हा विरोधाभास मनाला लागतो. कोळी, आगरी, वाडवळ, वारली या साऱ्यांची नेसण आणि शिरोभूषणे निराळी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झाला. त्याचा एकच 'जिल्हा वेष' काढायला कोणी बसू नये, हेच बरे.

जोवर झगा आहे, तोवर निदान त्याच्या आतले तरी आपल्या हाती आहे. येथे थोडा व्यवहारही सांगावा लागतो. झगा गुडघ्याखाली, फार तर पोटरीपर्यंत येतो. त्यामुळे साडीच्या निऱ्या, काठ आणि पायांतल्या चपला छायाचित्रात स्पष्ट दिसतात. भरजरी शालू आत गुदमरतो आणि खांद्यावर पदराचा फुगवटा येऊन झगा एका बाजूला उचलला जातो. त्यापेक्षा सुती किंवा हलकी रेशमी काठपदराची साडी, पदराच्या अरुंद निऱ्या करून खांद्यावर टाचलेली, हे उत्तम. पाठीवर सोडलेला रंगीत पट्टा चालताना मागे सरकून गळ्याला काचतो. पुढे बटण असलेल्या कुर्त्याला त्याची दोरी अडकविता येते. मुलांसाठी पांढरा सुती कुर्ता असताना एका दिवसासाठी कोट शिवणे, तोही वसईच्या उकाड्यात झग्याच्या आत घालण्यासाठी, हा निव्वळ बापाच्या खिशावरचा अत्याचार आहे. नवी साडी घेणेही आवश्यक नाही. आईची जपून ठेवलेली साडी मुलीने नेसली, तर त्या माउलीला कोणत्याही भाषणातून मिळणार नाही ते मिळते.

महाविद्यालयांनाही दोन गोष्टी सहज करता येतील. झगे भाड्याने आणण्याऐवजी हातमागाची उपरणी घ्यावीत. ती विद्यार्थ्याला कायमची देता येतील, आणि सोलापूर-इचलकरंजीच्या राज्यात कापडासाठी दूर जायला नको. दुसरी गोष्ट आश्वलायनांच्या यादीतली. पहिले उपरणे प्राध्यापकांच्या खांद्यावर पडावे, विद्यार्थ्याच्या हातून. शहरात एकाही महाविद्यालयाने येत्या वर्षी एवढे केले, तरी झग्याची अनामत परत घेण्यासाठी समारंभानंतर खिडकीपुढे लागणारी ती लांबलचक रांग तेथे दिसणार नाही, आणि आईवडील मुलांना घेऊन थेट जेवायला जाऊ शकतील.