अर्जेंटिनातले काळे लोक कुठे गेले?

अर्जेंटिना म्हणजे दक्षिण अमेरिकेतला युरोप, हे वाक्य गोव्यात फुटबॉलच्या गप्पांत मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा कंटाळा येत नाही, राग येतो. विश्वचषकाच्या दिवसांत तिठ्यातिठ्यावर निळे-पांढरे झेंडे लागतात. मग ब्राझीलच्या संघाशी तुलना निघते आणि कुणीतरी जाणकार सांगतोच, "त्यांच्यात काळे नाहीतच हो. सगळे इटली-स्पेनहून आलेले." ऐकणारे माना डोलावतात. माझे म्हणणे असे की हे नुसते अज्ञान नव्हे. हे मुद्दाम रचलेले खोटे आहे, आणि ते रचणारे अर्जेंटिनाचेच राज्यकर्ते होते.

जून २०२१ मध्ये त्या देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फर्नांदेस स्पेनच्या पंतप्रधानांसमोर म्हणाले की मेक्सिकन लोक आदिवासींतून आले, ब्राझिलियन जंगलातून आले आणि आम्ही अर्जेंटिनी जहाजांतून आलो. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघाले, कारण तिथे पिढ्यानपिढ्या हेच शिकवले गेले.

जहाजे आली हे खरेच आहे. १९१४ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ७९ लाख होती आणि त्यातले जवळजवळ ३० टक्के लोक परदेशात जन्मलेले होते. बुएनोस आइरेस शहरात तर जवळपास निम्मे. पण जहाजे लागण्याआधी धक्का रिकामा होता काय? १७७८ च्या मोजणीत याच शहरातले सुमारे ३० टक्के लोक आफ्रिकी किंवा मिश्र आफ्रिकी वंशाचे होते. १८८७ च्या शहर मोजणीत त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली आले. हे लोक गेले कुठे?

याचे ठरलेले उत्तर असे : स्वातंत्र्ययुद्धात मेले, पॅराग्वेच्या युद्धात मेले, १८७१ च्या पीतज्वराच्या साथीत मेले. यात तथ्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. जॉर्ज रीड अँड्र्यूज या इतिहासकाराने १९८० च्या आपल्या पुस्तकात जुनी कागदपत्रे तपासून दाखवले की युद्ध आणि रोगराई एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बरेच लोक मेले नाहीत, ते दुसऱ्या रकान्यात गेले. नोंद करणाऱ्यांकडे एक सोयीचा शब्द होता, 'त्रिगेन्यो'. 'त्रिगो' म्हणजे गहू, हे पोर्तुगीज जाणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्रिगेन्यो म्हणजे गव्हाळ! लग्नाच्या जाहिरातींत आपण जो शब्द सर्रास वापरतो तोच. उजळ नाही हे कबूल करायचे नाही आणि सावळा असे लिहायचेही नाही, तेव्हा गव्हाळ. तिथे या शब्दाने आजोबा काळा, बाप गव्हाळ आणि नातू गोरा असा प्रवास कागदावर घडवला.

आणि हे आपोआप झाले असेही समजू नका. राज्य करणे म्हणजे लोक वसवणे, हे हुआन बाउतिस्ता आल्बेर्दीचे सूत्र. १८५३ च्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात सरकारने युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावे असे लिहिले गेले. ते कलम आजही तसेच आहे. १८७८ पासून हुलिओ रोकाच्या सैन्याने पाम्पास आणि पातागोनियातल्या आदिवासींच्या जमिनी बळाने घेतल्या, आणि त्या मोहिमेला नाव दिले 'वाळवंटावरील विजय'. माणसे राहत असलेल्या जमिनीला वाळवंट म्हटले की मारलेल्या माणसांचा हिशेब द्यावा लागत नाही. १८६९ आणि १८९५ च्या राष्ट्रीय जनगणनांनी वर्ण विचारलाच नाही. १८९५ च्या अहवालाने तर लवकरच सगळी प्रजा मिळून एक सुंदर गोरा वंश तयार होईल असे भाकीतही केले. न विचारता उत्तर लिहिण्याची ही पद्धत!

आता विचारल्यावर काय झाले ते पाहा. २०१० च्या जनगणनेत आफ्रिकी वंशाविषयीचा प्रश्न फक्त काही निवडक घरांत विचारला गेला, तेव्हा अंदाज निघाला १,४९,४९३. २०२२ साली तो सर्वांना विचारला आणि आकडा आला ३,०२,९३६. बारा वर्षांत माणसे दुप्पट झाली? नाही, प्रश्न नीट विचारला गेला. आदिवासी म्हणून नोंदवलेले लोक साडेनऊ लाखांवरून तेरा लाखांवर गेले. मापुचे, ग्वारानी, दियागिता, कोया, कोम ही माणसे कुठून उगवली नव्हती, तिथेच होती.

कुणी म्हणेल, चार कोटी साठ लाखांत तेरा आणि तीन लाख म्हणजे किती? चार टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे युरोपच झाला की! तर तसे नाही. स्वतःला काय म्हणवून घेता हा एक प्रश्न आणि अंगात कुणाचे रक्त आहे हा दुसरा. जनुकीय अभ्यासांत आईकडून येणारा वारसा साधारण निम्म्या अर्जेंटिनी लोकांत आदिवासी निघाला आहे. जहाजांची म्हणाल तर ती कधीच थांबली. आज परदेशात जन्मलेल्यांत पहिला क्रमांक पॅराग्वेचा, दुसरा बोलिव्हियाचा. हे लोक नदी-डोंगर ओलांडून येतात.

मारिया रेमेदियोस देल वाये ही आफ्रिकी वंशाची स्त्री बेल्ग्रानोच्या सैन्यात लढली. म्हातारपणी ती बुएनोस आइरेसच्या रस्त्यांवर भीक मागत होती. तिला ओळखणाऱ्या एका सेनानीमुळे तिला निवृत्तिवेतन मंजूर झाले. तिच्या नावाने ८ नोव्हेंबर हा आफ्रो-अर्जेंटिनी लोकांचा दिवस ठरला तो २०१३ साली आणि तिचे चित्र नोटेवर आले ते २०२४ साली. मृत्यू १८४७ चा. पावणेदोनशे वर्षे लागली!

आपण गोवेकरांना रकान्यांचे राजकारण नवीन नाही. घरात एक बोलतो, वाचतो दुसरी, आणि जनगणनेचा मातृभाषेचा रकाना एकच उत्तर मागतो. २०२७ च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे, आणि "कशाला विचारता?" असे म्हणणारे आपल्याकडेही आहेत. त्यांनी अर्जेंटिनाकडे जरूर पाहावे. न विचारल्याने भेद मिटत नाहीत. ज्याला मोजले नाही तो आधी आकड्यांतून जातो, मग पाठ्यपुस्तकातून, आणि शेवटी तिठ्यावर उभा राहून आपणच छातीठोकपणे सांगतो की तो कधी नव्हताच. निदान पुढच्या विश्वचषकात तरी हे बोलू नका.