सुरक्षितता ही चैन नव्हे

ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या ‘ए क्लास’ मोटारीची परीक्षा घेतली. रस्त्यात एल्क जातीचे मोठे हरीण अचानक आडवे आले, तर त्याला चुकवून गाडी पुन्हा मार्गावर येते की नाही, एवढेच पाहावयाचे होते. गाडी उलटली. कंपनीची नाचक्की झाली; परंतु तिने या लहान गाडीत स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा सरसकट बसविली. दोनच वर्षांपूर्वी जी धनिकांच्या मोटारीतील नवलाई होती, ती अशा रीतीने खालच्या वर्गात उतरली.

या यंत्रणेचा प्राण म्हणजे गतिसंवेदक. चाकांजवळील संवेदक प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. जोराने ब्रेक दाबताच एखादे चाक जखडू लागले, की त्यावरील दाब क्षणभर सैल केला जातो आणि गाडी चालकाच्या कह्यात राहते. १९७८ मध्ये मोटारीत आलेल्या एबीएसचे तत्त्व हेच. १९९५ मध्ये त्याला आणखी एका संवेदकाची जोड मिळाली. गाडी स्वतःच्या उभ्या आसाभोवती किती वेगाने फिरत आहे, हे तो मोजतो. चालकाला कोठे जावयाचे आहे हे स्टिअरिंग सांगते. गाडी प्रत्यक्षात कशी वळत आहे हे संवेदक सांगतो. दोहोंत तफावत पडताच नेमक्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरली जाते. माणसाला हे साधणारे नाही. चाके चार असली तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते.

यंत्रावर विसंबून चालक बेफिकीर होतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. झिजलेला टायर आणि ओला रस्ता यांच्यातील घर्षण कोणताही संवेदक वाढवू शकत नाही. पण म्हणून सावरण्याची संधीच नाकारणे शहाणपणाचे नव्हे.

अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलांपासून व युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली. भारतात एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. स्थैर्य-नियंत्रणाची भिस्त मात्र २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनसीएपी’च्या तारांकनावर ठेवण्यात आली. तीन वा अधिक तारे हवे असतील तर ही यंत्रणा आवश्यक. पण ते तारांकनच ऐच्छिक! घाटातील निसरडे वळण मोटारीची किंमत विचारीत नाही. मग स्वस्त मोटारीतील प्रवाशाचा जीव तेवढा स्वस्त का मानावा? सरकारने सक्तीची तारीख ठरवून टाकावी, हेच उचित.