जनुक आणि कुळ

गेल्या महिन्यांत यावलच्या एका गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील वडील वहिनींस तीन महिने खोकला होता. त्यांनीं जन्मांत तंबाखूस स्पर्श केलेला नाहीं, म्हणून सर्वांनीं क्षयच गृहीत धरला. अखेर भुसावळहून रात्रीची गाडी धरून त्यांस मुंबईस नेलें, तेव्हां फुप्फुसाचा कर्करोग निघाला, आणि तो पसरलाही होता. डॉक्टरांनीं गांठीच्या जनुकांची तपासणी करण्यास सांगितलें, आणि घरांत वाद माजला. जनुक म्हणजे कुळ. उद्यां कागदावर कुळाचा दोष लागला, तर वहिनींच्या दोन उपवर मुलींस स्थळें कोठून येणार, असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न आहे.

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. आईबापांकडून येणारीं जनुकें शरीराच्या पेशीपेशींत असतात. गांठींत जो बदल शोधावयाचा, तो मात्र जन्मानंतर केव्हां तरी फुप्फुसांतील एखाद्या पेशींत घडलेला असतो, आणि त्या पेशीपासून वाढलेल्या गांठींतच राहतो. तो पोटच्या मुलींकडे जात नाहीं. वंशानें येणारा दोष क्वचित् एखाद्या घराण्यांत सांपडतो. तशी शंका आल्यास डॉक्टर वेगळी तपासणी सुचवितात.

ई.जी.एफ.आर. हें असें एक जनुक. पेशीस वाढीचा हुकूम पोंचविणारें प्रथिन तें घडवितें. त्यांत विशिष्ट बदल झाला, कीं विजेचें बटण चालूच अडकून राहावें तसा तो हुकूम थांबतच नाहीं. जेफिटिनिब नांवाची गोळी त्यास आळा घालते. बदलाचा व गोळीचा हा संबंध २००४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं उघड केला. आपल्याकडील अशा रोग्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शांत हा बदल आढळतो. धूम्रपान न करणाऱ्यांत व स्त्रियांत विशेषतः.

२००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आशियांतील एका मोठ्या प्रयोगांत, ज्यांच्या गांठींत बदल होता त्यांचा रोग गोळीनें अधिक काळ आवरला. ज्यांच्यांत तो नव्हता त्यांस शिरेंतून देण्याचीं नेहमींचीं औषधेंच अधिक उपयोगी पडलीं. म्हणजे तपासल्यावांचून गोळी देणें हा अंधारांत सोडलेला बाण होय.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत हा बदल असलेल्या ३५० रोग्यांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० सालीं छापले गेले. निव्वळ गोळीनें रोग साधारण ८ महिने थोपला. जोडीस शिरेंतील औषधें दिलीं तेव्हां १६ महिने. त्रासही अधिक झाला, हें लपविण्याचें कारण नाहीं. पसरलेला रोग याने मुळासकट जातो असेंही कोणी म्हणत नाहीं. पण घरच्या माणसाचे आठ महिने म्हणजे काय, हें आम्हीं सांगावयास नको.

तेव्हां त्या गृहस्थांस आमचें सांगणें इतकेंच. गांठीचा काढलेला तुकडा मेणाच्या वडींत जपून ठेवतात. तो कोठें आहे याची चौकशी करावी. अहवालास आठ-पंधरा दिवस लागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें धीर धरावा. आणि माजघरांत कुजबुज न करतां वहिनींच्या समोर बसून त्यांसच सर्व सांगावें व विचारावें. मुलींच्या पत्रिकेंत ह्या कागदास जागा नाहीं. त्यांच्या आईच्या उपचारांत मात्र पहिली जागा त्याचीच आहे.

वहिनींस आमचा नमस्कार सांगावा.