हक्काची जागा आणि उपकाराची वागणूक

दरवर्षी शाळा उघडण्यापूर्वी काही महिने आमच्या वस्त्यांतून एक नवी धावपळ दिसू लागली आहे. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला यांची जुळवाजुळव होते. अर्ज भरले जातात आणि मग सोडतीच्या दिवसाची वाट पाहिली जाते. सोडतीत मुलाचे नाव लागले की त्या घरी पेढे वाटले जातात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला आपले लेकरू मोठ्या शाळेच्या फाटकातून आत जाताना पाहून जो आनंद होतो, तो खोटा आहे असे कोण म्हणेल? परंतु वाचकहो, फाटकातून आत गेल्यावर त्या लेकराचे काय होते, याचा विचार समाज म्हणून आम्ही अद्याप पुरेसा केलेला नाही. तो करण्याची वेळ आता आली आहे.

प्रथम हक्काचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यानुसार २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि आठवीपर्यंत त्यांना मोफत शिकवावयाचे आहे. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तेथूनच हे बंधन लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली; अल्पसंख्याकांच्या सर्व शाळा मात्र २०१४ च्या निर्णयाने तिच्या बाहेर राहिल्या. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध असे लिहिल्याने हा हक्क जातो, अशी भीती काही भगिनी-बंधूंना वाटते. ती निराधार आहे. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींची घटनात्मक ओळख बौद्धांनाही मिळालेली आहे.

हे दार सहजासहजी उघडलेले नाही, आणि उघडे राहील अशीही खात्री बाळगून चालणार नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला या २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले. शहरांतून अशी शाळा नसलेला किलोमीटर शोधूनही क्वचितच सापडेल! म्हणजे कायदा कागदावर ठेवून हक्क मात्र काढून घेण्याचाच हा प्रकार होता. पालक व संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात अधिसूचनेला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जागे राहिलेल्या पालकांनी दार राखले, हे त्या वर्षाने शिकविले.

परंतु दार आणि आसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या इतिहासाला हा भेद चांगला ठाऊक आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला केवळ जातीमुळे प्रवेश नाकारण्यात आला. त्या प्रकरणानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी, सरकारी खर्चाच्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेला खुल्या आहेत, असे तत्त्व सांगितले. तत्त्व सांगितले गेले. दार किलकिले झाले. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव शिकत होते. त्यांना प्रवेश होता, हजेरीपटावर त्यांचे नाव होते. पण बसण्यासाठी घरून आणलेले गोणपाट होते, वर्गाचा एक कोपरा होता, आणि शिपाई हजर नसेल तर तहानेने व्याकूळ होऊनही पाणी नव्हते. ज्या शाळेने प्रवेश दिला त्याच शाळेने गोणपाटही दाखविले. प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली, असे मानणाऱ्यांनी हे गोणपाट सदैव डोळ्यांसमोर ठेवावे.

आज गोणपाट गेले आहे. त्याच्या जागी एक शब्द आला आहे. 'आरटीईची मुले' हा तो शब्द. ज्या कायद्याने मुलाला हक्क दिला, त्या कायद्याचेच नाव मुलाच्या कपाळी चिकटविले गेले. वर्गात हजेरी घेताना, फीच्या खिडकीशी, सहलीच्या यादीत, पालकसभेत या नावाने मुले वेगळी काढली जातात. काही शाळांनी त्यांची तुकडीच वेगळी केली, काहींनी वेळ वेगळी ठेवली, अशा तक्रारी आल्या आहेत. पुस्तके, गणवेश, उपक्रम, स्नेहसंमेलन यांच्या नावाखाली हजारो रुपये मागितले जातात. दिले नाहीत तर मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, निकाल अडवून ठेवणे, असे प्रकार होतात. बाकावरची मैत्रीण वाढदिवसाला बोलावते. तिची आई मात्र वस्तीचे नाव विचारून घेते. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपली जात ठाऊक नसते, परंतु आपण 'त्यातले' आहोत, हे त्याला पहिल्या सहामाहीतच कळते. जातीचे नाव न घेता जात शिकविण्याची ही नवी रीत आहे.

सर्वच शाळा अशा आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्व मुलांना एका रांगेत बसविणारे, वही नसलेल्या मुलाला गाजावाजा न करता वही देणारे, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलासाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबणारे शिक्षक खासगी शाळांतही आहेत. अशा वर्गातील मुले कोण कशाखाली आले हे पाहत नाहीत. जे काम या शिक्षकांना जमते ते इतरांना का जमू नये? न जमण्याचे कारण साधनांचा अभाव हे नसून दृष्टीचा अभाव हे आहे.

संस्थाचालकांचे एक गाऱ्हाणे मात्र खरे आहे व ते मान्य केले पाहिजे. या मुलांच्या शिक्षणाचा ठराविक खर्च शासनाने शाळांना द्यावयाचा आहे. महाराष्ट्रात काही वर्षे हा दर प्रतिवर्षी प्रति विद्यार्थी १७,६७० रुपये होता. महामारीच्या काळात तो ८,००० रुपयांवर आणला गेला. ही रक्कमही वेळेवर मिळत नाही आणि थकबाकी वर्षानुवर्षे साचते. शासनाने ही बाकी चुकती करावी, ही मागणी आमचीही आहे. परंतु शासन आणि संस्था यांच्या उधारीत मुलाला ओलीस ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिवाय, आम्ही ही मुले फुकट पोसतो, असे म्हणणाऱ्या संस्थांनी आपल्या इमारतीखालची जमीन कोणत्या दराने मिळाली आणि करांतून किती सूट मिळते, याचाही हिशेब मांडावा. सवलतीच्या जमिनीच्या मोबदल्यात काही मुलांना मोफत शिकविण्याचे बंधन ज्या शाळेवर पूर्वीपासूनच आहे, तिला तेवढ्या मुलांपुरती भरपाई मागता येत नाही, असे कलम १२ मध्येच लिहिलेले आहे. जनतेच्या महसुलावर वरच्या वर्गांचे शिक्षण पोसले जाते, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्पष्ट सांगितले होते. मग उपकार कोण कोणावर करीत आहे?

आता आम्हांला आमच्याच पालकांशी दोन शब्द कठोरपणे बोलावयाचे आहेत. अपमानाची तक्रार घेऊन मूल घरी येते तेव्हा त्याला अनेक घरांतून काय सांगितले जाते? "गप्प बस बाळा, शाळेने ठेवून घेतले आहे हेच पुष्कळ आहे." हे वाक्य ज्या भीतीतून येते ती भीती आम्ही जाणतो. जागा जाईल, मुलावर राग निघेल, आपल्याला इंग्रजी येत नाही, ही ती भीती. परंतु हे वाक्य ऐकणारे मूल काय शिकते? आपण येथे दयेवर आहोत, हे शिकते. शाळेने शिकविलेला कमीपणा घरानेही शिकविला तर त्या मुलाने मान ताठ करावयाची कोठे? बाबासाहेबांनी आम्हांला शिकण्यास सांगितले ते स्वाभिमान गहाण टाकून शिकण्यास सांगितले नाही.

आणि ही भीती कायद्याने निराधारही ठरविली आहे. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम ३ प्रमाणे, शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल अशी कोणतीही फी, आकार अथवा खर्च मुलाकडून घेता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी तर पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य व गणवेश हेही या मुलांच्या मोफत शिक्षणात धरले आहेत. कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी देणगी घेण्यास व मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई केली आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे. चारचौघांत जातीवरून अवमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत झाला पाहिजे, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. शाळेने मागितलेला प्रत्येक पैसा लेखी मागावा म्हणावे आणि पावतीवाचून काही देऊ नये. तोंडी बोलण्यावर न थांबता अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पालकसभेत मराठीत प्रश्न विचारावा. त्यात कमीपणा काहीच नाही, उत्तर देणे हे शाळेचे काम आहे. एका शाळेतील या मुलांच्या पालकांनी परस्परांची ओळख करून घ्यावी, कारण एकट्या आईचा अर्ज कपाटात पडतो, वीस आयांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. तसेच, आठवीनंतर मोफत शिक्षणाचे कायद्याचे छत्र संपते आणि नववीला पूर्ण फी समोर उभी राहते, हे सहावीतच ध्यानी घ्यावे. अनुसूचित जातींच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पण खासगी शाळेच्या फीपुढे ती तुटपुंजी आहे. ही सवलत दहावीपर्यंत वाढविण्याची मागणी आम्ही एकमुखाने केली पाहिजे. आणि समाजाने काय करावे? प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास दिवा लागावा, शिकलेल्या तरुणाने तेथे बसावे, आणि ज्या आईला शाळेची डायरी वाचता येत नाही तिला ती वाचून दाखवावी. एवढे केले तरी एक मोठे काम होईल.

एक गोष्ट मात्र विसरू नये. आमची पुष्कळ मुले आजही जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळांत शिकतात. सोडतीत नाव लागलेल्या मुलासाठी लढताना, न लागलेल्या मुलाची शाळा ओस पडू देता कामा नये. एकाच परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केली होती. २५ टक्के जागा ही त्या मोठ्या समतेची लहानशी सुरुवात आहे. तिलाच शेवट मानणे घातक ठरेल.

वाचकहो, साताऱ्याच्या त्या वर्गात कोपऱ्यात बसलेल्या मुलाने पुढे या देशाच्या संविधानाला आकार दिला. आज आपल्या मुलाला कोपरा दाखविला जात असेल तर त्या संविधानाचा हवाला देऊन त्याला वर्गाच्या मध्यभागी बसविणे, हे आपले कर्तव्य आहे. मुलाला शाळेत पाठविताना डबा द्या, वही द्या, आणि हेही सांगून पाठवा की ही जागा तुला कोणी दिलेली नाही. ती तुझीच आहे.